पदार्थ खपतो, पण हाताची मजुरी सुटते का?

बैठकीत पापड-लोणच्याचा भाव ठरवताना आपण डाळ धरतो, तेल धरतो, पिशवी धरतो. हाताची मजुरी मात्र बऱ्याचदा धरायची राहते. आज हीच गोष्ट दूर देशातल्या एका हॉटेलावरून समजून घेऊ.

अमेरिकेत शिकागो नावाचं मोठं शहर आहे. तिथे बेव्हर्ली किम आणि त्यांचे पती जॉनी क्लार्क यांनी 2014 साली ‘पॅराशूट’ नावाचं हॉटेल काढलं. दोघंही स्वतः शेफ, म्हणजे आचारी, आणि मालकही तेच. बेव्हर्लीताईंचं कुटुंब मूळचं कोरियाचं, त्यामुळे जेवणही कोरियन वळणाचं.

कोरियन जेवणात मुख्य पदार्थाबरोबर छोट्या वाट्यांत ‘बानचान’ येतात. आपल्या ताटात डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर असते ना, तसंच. त्यात किमची असतेच. कोबीला मीठ लावून मुरवायचं, धुऊन निथळायचं, मिरचीपूड, लसूण, आलं चोळायचं आणि आंबू द्यायचं. कोरियात थंडीच्या तोंडावर शेजारणी-नातेवाईक मिळून किमची घालतात, आपण उन्हाळ्यात कुरडया घालतो तशी. पण हॉटेलात या वाट्यांचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत. म्हणजे ती सगळी मेहनत जेवणाच्या भावातच बसवावी लागते.

पॅराशूटमध्ये फार गाजला तो ‘बिंग ब्रेड’. बटाटा, कांद्याची पात, चीज आणि डुकराचं खारवलेलं मांस भरलेला जाडसर पाव. लोक खास त्यासाठी येत. पण मळणं, फुगू देणं, सारण भरणं, भाजणं यात हात फार गुंतत. शेवटी इतका आवडता पदार्थसुद्धा त्यांनी यादीतून काढला. गिऱ्हाईक वाहवा करतं म्हणून पदार्थ परवडतोच असं नाही. 2019 साली या दोघांना जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. नाव झालं तरी हिशोब चुकत नाही.

बेव्हर्लीताई स्वतः आई आहेत. त्यांनी ‘द अबन्डन्स सेटिंग’ ही संस्था सुरू केली. हॉटेलांत राबणाऱ्या आयांच्या घरी ही संस्था तयार जेवण देते. दुसऱ्यांसाठी दिवसभर रांधणारीच्या घरी चूल कोण पेटवणार, हा प्रश्न तिकडेही आहेच.

आता आपला हिशोब. समजा, चौघींनी पाच-पाच तास बसून दहा किलो पापड लाटले. झाले वीस तास. तासाला पन्नास रुपये धरले तरी मजुरी हजार रुपये, म्हणजे किलोमागे शंभर. पीठ, मसाला, तेल, पिशवी, गाडीभाडं यांच्यावर हे शंभर आलेच पाहिजेत. ते भावात बसत नसतील, तर तीन वाटा आहेत: भाव वाढवा, लाटण्याचं यंत्र घ्या, नाहीतर कमी मेहनतीचा पदार्थ निवडा.

पुढच्या बैठकीत वहीत एक रकाना वाढवा आणि त्यावर लिहा, ‘आमची मजुरी’.