रात्रीची स्वस्त वीज आणि उबदार जमीन

सुगीच्या दिवसांत धान्य स्वस्त असतें, म्हणून दूरदर्शी गृहस्थ तें तेव्हांच घेऊन कणगींत भरून ठेवतो. विजेला अशी कणगी मिळणें कठीण. ती निर्माण होतांच कोठें तरी खर्ची पडावी लागते. परंतु विजेची उष्णता केली, तर ती उष्णता कांहीं तास सांठवून ठेवतां येते. ब्रिटनसारख्या थंड देशांत या तत्त्वावर पुष्कळ घरांच्या जमिनी रात्रीं तापविण्यांत आल्या. ही युक्ति कोठें फळली आणि कोठें फसली, हें समजून घेण्यासारखें आहे.

रात्रीं कारखाने थांबतात, दिवे मालवतात आणि विजेची मागणी एकदम उतरते. मोठीं वीजकेंद्रें मात्र दर रात्रीं बंद करून पहांटे पुन्हां चालू करणें परवडत नाहीं. म्हणून रात्रीच्या विजेला गिऱ्हाईक मिळावें या हेतूनें तिचा दर उतरविण्यांत आला. १९७८ सालीं ब्रिटनमध्यें ‘इकॉनॉमी सेव्हन’ नांवाची दरपद्धति सुरू झाली. तींत रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. पण दिवसाचा दर नेहमींच्या दरापेक्षां बहुधा चढा असतो. ही दुसरी बाजू पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं.

आतां सांठवण कशी होते तें पाहूं. वैशाखांत दिवसभर उन्हांत तापलेली अंगणांतील फरशी रात्रीं उशिरांपर्यंत पायांना ऊन लागते. तोच हा प्रकार. घर बांधतांनाच काँक्रीटच्या जमिनींत विजेची तार पुरलेली असते. खोली चार मीटर लांब व तीन मीटर रुंद असून काँक्रीटचा थर दहा सेंटिमीटर जाड असेल, तर त्याचें वजन सुमारें २८०० किलो भरतें. एवढें काँक्रीट आठ अंश सेंटिग्रेडनें तापविण्यास सुमारें साडेपांच युनिटें वीज लागते. म्हणजे एक किलोवॉटची शेगडी साडेपांच तास जाळून जी उष्णता मिळेल, तेवढी त्या जमिनींत मुरते आणि दिवसा हळूहळू खोलींत उतरते.

परंतु या कणगीला झांकण नाहीं. जमीन सर्वांत ऊन असते सकाळीं, जेव्हां माणसें कामावर निघतात. आणि संध्याकाळीं तीं थकून परत येतात, तेव्हां ती निवत आलेली असते. रात्रीं ती अधिक तापवावी म्हटलें तर तेंही साधत नाहीं, कारण सुमारें २९ अंशांपलीकडे जमीन पायांना सुखकर राहत नाहीं. म्हणून कित्येक ठिकाणीं दुपारींही कांहीं तास स्वस्त वीज देण्याची सोय करावी लागली. थराखालीं उष्णतारोधक आवरण नसेल, तर उष्णतेचा मोठा भाग खालीं जिरून जातो. अलीकडे लाद्यांच्या लगेच खालीं तारांच्या पातळ जाळ्या बसवितात. त्या लवकर तापतात व लवकर निवतात. त्यांत सांठवण जवळ जवळ नसल्यामुळें रात्रीच्या दराचा त्यांना विशेष लाभ नाहीं.

शिवाय उद्यांची थंडी आज रात्रींच ओळखावी लागते. सकाळीं अनपेक्षित ऊन पडलें, तरी जमिनींत घातलेली उष्णता परत घेतां येत नाहीं.

या व्यवस्थेची खरी कसोटी मँचेस्टर शहरांतील ह्यूम वसाहतींत लागली. तेथें १९७२ च्या सुमारास अर्धचंद्राकार लांबलचक इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील घरांना जमिनीखालून विजेची ऊब देण्यांत आली. भिंतींतून उष्णता सहज निसटत होती. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, इंधन महागलें, आणि तेथील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना घर ऊबदार ठेवणें आवाक्याबाहेरचें झालें. जेथें ऊब नाहीं तेथें ओल येते, आणि ओलीमागून बुरशी. १९९० नंतरच्या दशकांत त्या इमारती पाडण्यांत आल्या. त्यांच्या ऱ्हासाला इतरही कारणें होतीं. पण न परवडणारी ऊब हें त्यांतील एक ठळक कारण होय.

रेडिओच्या श्रोत्यांना एक गोष्ट विशेष वाटेल. १९८० नंतरच्या दशकांत ब्रिटनमधील अनेक घरांतील मीटर बी. बी. सी. च्या दीर्घलहरींवरून येणाऱ्या संकेतानें स्वस्त व महाग दरांत बदलूं लागले. कार्यक्रम ऐकणाऱ्याच्या कानीं तो संकेत पडत नसे. मीटरला मात्र तो कळे. यंत्रसामग्री जुनी झाल्यामुळें ३० जून २०२५ पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानें बंद करण्यास आरंभ झाला. मीटर वेळीं न बदलल्यास घराची ऊब अखंड चालू किंवा अजिबात बंद राहण्याची भीति होती.

अशा दराचा हिशेब कसा करावा? समजा, साधा दर युनिटास दहा आहे. दुहेरी पद्धतींत रात्रीं सहा आणि दिवसा बारा. तर घरांतील एकंदर विजेपैकीं एकतृतीयांश रात्रीं वापरली, म्हणजे दोन्ही पद्धतींचा खर्च सारखा येतो. त्याहून कमी वापरल्यास स्वस्त दर घेऊनही तोटाच पदरीं पडतो.

भारतांतही २०२३ च्या नियमांनीं वेळेनुसार दर ठरविण्याची दिशा घेतली. येथें सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज स्वस्त करण्याचा हेतु आहे. आपल्याकडे जमीन तापविण्याची गरज नाहीं. पण स्नानाचें पाणी दुपारीं तापवून दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवूं म्हणणाऱ्यानें आधीं टांकीचें आवरण पाहावें. स्वस्त वीज विकत घेणें सोपें. तिची ऊब हवी त्या वेळेपर्यंत राखणें, यांतच खरी काटकसर आहे.