टाकी किती मोठी नव्हे, किती उंच

गच्चीवर टाकी भरलेली असते, तरी सर्वांत वरच्या मजल्यावर शॉवरची धार बारीक आणि तळमजल्यावर नळ जोरात. कारण पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नव्हे, पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठरतो. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार, म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय दाब मिळतो. टाकीतली पातळी नळापेक्षा 3 मीटरच वर असेल, तर 0.3 बारवर भागवावे लागते. तेवढ्याच उंचीची पण जास्त रुंद टाकी बसवून धार वाढत नाही.

हवेलाही दाब असतो. समुद्रसपाटीला सुमारे 1.013 बार. पेट्रोल पंपावरचा टायरच्या हवेचा मापक तो धरत नाही. 32 पीएसआय म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब. म्हणूनच पंक्चर टायरमध्ये थोडी हवा असूनही काटा शून्यावर असतो.

विहिरीच्या काठावरचा पंपही पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. ही हवा पाणी फार तर 10.3 मीटर चढवू शकते. प्रत्यक्षात सात-आठ मीटरच. पाणी त्याहून खोल असेल, तर मोठी मोटर घेऊन उपयोग नाही. सबमर्सिबल पंपच घ्या.