दोष तबकडीचा की व्हॉल्व्हचा?

एल.पी. लावली आणि गाण्याआधीच घूं ऐकू आली, तर आधी अर्थिंग तपासा. पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. फोनो प्रीअॅम्प ते सुमारे शंभरपट वाढवतो. ५० हर्ट्झजवळचा खर्ज त्याहून आणखी सातपट. म्हणून विजेची घरघर इथे ठळक होते.

सूंसूं एकाच बाजूला असेल, तर डावा-उजवा ईसीसी८३ व्हॉल्व्ह अदलाबदल करा. आवाजानेही बाजू बदलली, तर व्हॉल्व्हच दोषी. पेन्सिलीच्या टिचकीने स्पीकर टणकारला, तर व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय.

ठाणे-डोंबिवलीच्या खाडीकाठच्या दमट हवेत व्हॉल्व्हच्या पिना काळवंडतात आणि खरखर सुरू होते. व्हॉल्व्ह काढताना प्लग उपसा, काच निवू द्या. पेटी उघडावी लागली, तर काम जाणकाराकडेच सोपवा. बंद सेटच्या कपॅसिटरमध्येही २००-३०० व्होल्ट साठून राहू शकतात.