फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा जादा सराव आणि अंगातले रक्त



कोल्हापूरची ओळख कुस्तीची, तशीच ती फुटबॉलचीही आहे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा मैदानाकडे लोटतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. आपल्या सभासदांची मुले, आणि आता मुलीसुद्धा, या खेळात नेट लावून उतरत आहेत. ऊस नोंदीच्या निमित्ताने गटात फिरताना पालक आम्हांस विचारतात, "साहेब, संघाच्या सरावाशिवाय पोरगं पहाटे उठून पळतंय, उड्या मारतंय. ह्यानं ताकद येईल, का हाय ते रक्त आटंल?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेख.

जादा सरावाने काय होते?

चेंडूबरोबरच्या नेहमीच्या सरावाला आठवड्यातून दोन-तीन दिवस थोड्या वेळाचा जादा सराव जोडला, म्हणजे वेगाने पळून मध्ये विसावा घेणे, उड्या, बैठका, जोर, तर दीड-दोन महिन्यांत फरक दिसू लागतो. दम टिकतो, पहिल्या दहा पावलांचा वेग वाढतो, उडी उंच जाते. फुटबॉलमध्ये मोठा खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० किलोमीटर धावतो. त्याला हे सारे लागते. शिवाय जागतिक फुटबॉल संघटनेने '११ प्लस' नावाचा २० मिनिटांचा अंग गरम करण्याचा व्यायाम ठरवून दिला आहे. तो आठवड्यातून दोनदा तरी नेमाने केल्यास गुडघा, घोटा, मांडी यांच्या दुखापती बऱ्याच कमी होतात.

रक्त 'पातळ' दिसते ते का?

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. फुफ्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोचविण्याचे काम त्याचे. सराव वाढवला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. तांबड्या पेशी वाढायला मात्र कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरलेला दिसू शकतो. उसाच्या रसात पाणी मिसळले की ब्रिक्स कमी दिसतो, पण एकूण साखर तेवढीच असते, तसाच हा प्रकार. एवढ्यावरून सराव बंद करू नये. तपासणी कडक सरावाच्या दुसऱ्या दिवशी न करता विश्रांतीनंतर करावी.

परंतु दुसरी बाजू खरोखर काळजीची आहे. हिमोग्लोबिनला लोह लागते. घामातून, आतड्यांतून आणि पळताना तळपाय आपटून फुटणाऱ्या पेशींतून थोडे थोडे लोह जाते. कडक कष्टानंतर काही तास आतडे अन्नातले लोह कमी शोषते. वाढत्या वयाची गरज वेगळीच, आणि मुलींना मासिक पाळीचा खर्च आणखी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणजे जादा सराव सुरू करणाऱ्या पुष्कळ पोरांची शिल्लक आधीच कमी असते. अशा पोराला किंवा पोरीला "आळशी झालीस" म्हणून आणखी पळवणे म्हणजे पाणी नसलेल्या उसाला खताचा डोस देणे होय.

शेतातला केवडा आठवा

चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो. कोवळी पाने पिवळी-पांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. माणसाचेही तसेच. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह अंगी लागत नाही; लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले लागते. म्हणून चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्यावा. बाजरी, हुलगा, मटकी, हरभरा, राजगिरा, अळीव, पालेभाज्या खाव्यात. मांसाहारी घरात रश्शावर न थांबता मटणाच्या फोडी आणि कलेजी मुलांच्या ताटात पडावी. लोह त्यात आहे. धारोष्ण दूध हाडांना चांगले, पण त्यात लोह नसल्यात जमा. आपला गूळही चांगला. मात्र त्यातले लोह थोडे आहे, नुसत्या गुळावर रक्त भरून येणार नाही.

एक इशारा. केवड्यावर आपण हिराकस फवारतो आणि लोहाच्या गोळीतही पुष्कळदा तेच द्रव्य असते, हे खरे. पण शेतीचे हिराकस पोटात घेण्याजोगे शुद्ध नसते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. औषधाच्या लोहगोळ्याही लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात. जादा पोटात गेल्यास जिवावर बेतते.

पालकांनी एवढे करावे

१) जादा सराव सुरू करण्यापूर्वी आणि दोन-तीन महिन्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासावे. १२ ते १४ वर्षांच्या मुलामुलींत व त्यापुढील मुलींत ते १२ ग्रॅमच्या खाली, आणि १५ वर्षांवरील मुलांत १३ ग्रॅमच्या खाली असल्यास डॉक्टरांना दाखवावे. रक्त कमी होण्याची कारणे अनेक असतात. मनाने गोळ्या सुरू करू नयेत.

२) शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी मुलांना घेऊ द्यावी.

३) सराव हळूहळू वाढवावा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती आणि रात्री पुरेशी झोप द्यावी.

४) जिना चढताना धाप, छातीत धडधड, पापणीची आतली बाजू फिकी, माती किंवा खडू खाण्याची इच्छा, ही लक्षणे दिसल्यास सराव थांबवून आधी तपासणी करावी.

पोरगं पळतंय तर पळू द्या, पोरगीलाही अडवू नका. मात्र मैदानावर पाठवण्याआधी तिच्या ताटात काय पडते, ते घरातल्या कर्त्या माणसाने एकदा पाहावे, ही आमची विनंती.