कान गेले की स्वभाव गेला?



गळीत हंगाम सुरू झाला की मिल, टर्बाइन, सेंट्रिफ्यूगल आणि बॉयलरवर काम करणाऱ्यांच्या घरून एक तक्रार हमखास येते : "पाळीवरून आले की पोरांच्या ताटवाटीच्या आवाजानेही खेकसतात." लोक म्हणतात, स्वभाव बिघडला. आमच्या मते हा निव्वळ स्वभावाचा दोष नव्हे.

मोठा आवाज शरीराला धोक्याचा इशारा वाटतो. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, अंग ताठते. आठ तास असे गेले, वर रात्रपाळीची अपुरी झोप, की साधा आवाजही टोचू लागतो. गोंगाटाने ताण वाढतो आणि ताणाने आवाज सोसवेनासा होतो, असे हे चक्र आहे.

"आम्हाला आता सवय झाली," असे जुने कामगार सांगतात. चाळीसगाव स्टेशनाजवळ राहणाऱ्याला रात्रीच्या गाडीने जाग येत नाही, ती सवय खरी. मिलपाशी मात्र पुष्कळदा सवय होत नाही, कानच बसतात. कानाच्या आतल्या भागात आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी असतात. उसाला खोडवा फुटतो, तशा त्या पुन्हा फुटत नाहीत. गेल्या त्या गेल्या.

अशा कानाची आणखी एक खोड असते. हळू बोलले तर ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोलले की "ओरडतोस कशाला?" मधली पायरीच गेलेली असते. घरातली कितीतरी भांडणे इथूनच निघतात. कामावर तर सोबत्याची "बाजूला हो!" ही हाकही हुकू शकते.

मग करावे काय? हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे. ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारा मारा दुप्पट होतो. म्हणून "थोडाच जास्त आहे" म्हणू नये. नुसता कापूस पुरत नाही. कानात नीट बसणारी बुचे किंवा कानांवरची टोपणे वापरावीत. घरच्या शांततेत मात्र ती काढून ठेवावीत. तिथेही कान झाकून ठेवले तर आवाज अधिकच टोचतो. गोंगाटाच्या जागी माणसे आळीपाळीने ठेवावीत, सैल पत्रे आणि वाजणारी बेअरिंगे वेळीच दुरुस्त करावीत.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कळविण्यायोग्य रोग म्हणून नोंदलेला होता. म्हणजे हा नशिबाचा भाग नसून कामाचा रोग आहे. कानात शिट्टी वाजत राहिली, तर अंगावर न काढता कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

आणि घरच्या मंडळींना आमची विनंती : पाळीवरून आलेल्या माणसाला अर्धा तास शांत बसू द्या. मग खुशाल बोला, समोर येऊन आणि सावकाश.