भुसा, नळी आणि तोंडाचे माप

कलाशाखेच्या वार्षिकात सुतारशाळेतील धुळीवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण आपण ज्या बाकांवर बसतो, ज्या टेबलामागे आपले प्राध्यापक उभे राहतात, आणि स्नेहसंमेलनात ज्या फळ्यांवर आपली नाटके होतात, त्यांतले प्रत्येक लाकूड कोणीतरी कापलेले आणि घासलेले असते. आणि त्या वेळी उडालेली धूळ कोणाच्या तरी नाकातून गेलेली असते. आमच्या घरी सुतारकामाचा धंदा आहे. तेव्हा धूळ मला आधी भेटली आणि तिच्याविषयीची पुस्तके नंतर.

'भुसा' हा शब्द आपण सरसकट वापरतो, परंतु त्यात तीन निरनिराळ्या वस्तू येतात. हातरंध्यातून निघतात ती सालपटे. करवतीखाली पडतो तो दाणेदार भुसा. आणि सँडरखालून उडते ते पीठ. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, पायांत येतात, झाडून काढता येतात. त्यांचा त्रास असला तर पसाऱ्याचा. खरा वैरी तिसरा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला काही मिनिटे घेतो; २ मायक्रॉनचा कण काही तास. म्हणजे दुपारी घासकाम संपवून, जागा लख्ख झाडून, मंडळी चहाला बसतात तेव्हा चहाबरोबर ते पीठही घेत असतात. कोरड्या झाडूने तर खाली बसलेले पुन्हा वर उठते.

ही धूळ केवळ शिंका आणते असे पुष्कळांना वाटते. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्यांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध. तेथील कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफील्ड यांना १९६० च्या दशकात असे दिसले की नाकाच्या आतील एक अत्यंत विरळा असा कर्करोग त्या भागातील फर्निचर कामगारांत वारंवार आढळतो. डोनाल्ड अ‍ॅचेसन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. हा रोग काम सुरू केल्यावर कित्येक दशकांनी उमटतो. म्हणून विशीतल्या कारागिराला तो आपला वाटत नाही. त्याखेरीज शिसवाच्या आणि सागाच्या धुळीने काहींच्या कातडीला खाज व पुरळ येते, ते तर आमच्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे.

किती धूळ चालेल? ब्रिटनने टणक, म्हणजे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडासाठी जानेवारी २०२० पासून ही मर्यादा हवेच्या घनमीटरला ५ वरून ३ मिलिग्रॅमवर आणली. साग आणि शिसव याच वर्गात मोडतात. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. तेव्हा त्या सबंध खोलीत ८५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमटीत मावेल त्याहूनही कमी धूळ तरंगली की मर्यादा गाठली! आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात धूळ ओढून घेण्याचे साधन धूळ जेथे उत्पन्न होते त्या जागेच्या शक्य तितके जवळ असावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी, असे सांगितलेले होते. (तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावून घेतला गेला.) चार माणसांच्या सुतारशाळेला तो लागू होत नसे. पण कलम लिहिणाऱ्याला हवेचा स्वभाव ठाऊक होता, हे कबूल केले पाहिजे.

तो स्वभाव घरच्या घरी पाहता येतो. हातभर अंतरावरून निरांजनावर फुंकर घाला, ज्योत विझते. आता त्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहा. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका दिशेने धारेसारखी जाते. ओढलेली हवा मात्र सर्व बाजूंनी गोळा होते. त्यामुळे नळीच्या तोंडापासून तोंडाच्या व्यासाइतके दूर गेले, की ओढ जेमतेम एक दशांश उरते. चार इंची नळी असेल तर चार इंचांवरच तिचा जोर संपला! कोपऱ्यात मोठा ब्लोअर घरघरत ठेवून 'आमच्याकडे धुळीची सोय आहे' असे सांगणाऱ्या सुतारशाळा मी पाहिल्या आहेत. त्या सोयीने आवाज तेवढा होतो.

म्हणून सगळा प्रश्न नळी आणि यंत्र यांच्या सांध्यापाशी येऊन ठेपतो. धूळ ओढणारी यंत्रे दोन जातींची. पहिला ब्लोअर: पिशवीवाला, रुंद नळीचा. तो हवा पुष्कळ हलवतो, पण त्याची ओढ साधारण १५ ते २५ सेंटिमीटर पाणी उचलण्याइतकीच. दुसरा व्हॅक्यूम: बारीक नळीचा. तो दोन मीटरच्या आसपास पाणी उचलील, पण त्यातून वाहणारी हवा थोडी. रंधा मशीनला किंवा गोल करवतीला पहिला हवा, हातातल्या सँडरला दुसरा. आमचे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) नवे यंत्र घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने "दुप्पट हॉर्सपॉवरचं घ्या, मिस्त्री, मग कुठलीही नळी लावा," असा सल्ला दिला. अण्णा घरी येऊन म्हणाले, "बादली मोठी घेऊन नळाची धार मोठी होते का रे?" मला वाटते, याहून नेमके उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकातही सापडणार नाही.

थोडा हिशेब करू. लाकडाचा भुसा नळीत न बसता वाहत राहावा म्हणून हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून त्या वेगाने मिनिटाला सुमारे साडेनऊ घनमीटर हवा जाते. ३५ मिलिमीटरच्या नळीतून त्याच वेगाने जाते ती सव्वा घनमीटरलाही कमी. व्यास जवळजवळ एक तृतीयांश झाला तर वाट एक अष्टमांशावर आली! आणि तेवढीच हवा अरुंद वाटेने रेटायची म्हटले तर विरोध भयंकर वाढतो. व्यास निम्मा केला की तो सुमारे ३२ पट होतो. यावरून अडॅप्टर निवडण्याचा पहिला नियम निघतो: रुंद नळी शक्य तितकी यंत्रापर्यंत न्यावी आणि अरुंद करायचेच असेल तर अगदी शेवटच्या वितीत करावे. लोक नेमके उलट करतात. ब्लोअरपाशीच रिड्युसर बसवतात आणि तेथून पंधरा फूट बारीक, वळ्यावळ्यांची लवचिक नळी ओढतात. त्या वळ्या आतून हवेला पावलोपावली अडवतात. शक्य तेथे गुळगुळीत पाइप आणि लवचिक नळी केवळ हलत्या यंत्रापुरती, हे बरे. काटकोनी एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन एल्बो लावले, तर वळण सौम्य होते आणि सालपटे अडकत नाहीत.

आता मापांचा गोंधळ. हत्यारांची तोंडे २७, ३२, ३५, ३८ अशा नाना मापांची येतात; काही इंचांत, काही मिलिमीटरमध्ये. शिवाय 'अडीच इंची' म्हटले तर ते माप नळीच्या आतले की तोंडाच्या बाहेरचे, हे कोणी सांगत नाही. म्हणून दुकानात नावाने मागू नये. व्हर्नियर घेऊन जावे आणि प्रत्येक तोंडाचे आतले व बाहेरचे अशी दोन्ही मापे कागदावर लिहून न्यावी. सर्वांत जास्त फसवणूक 'चार इंची' या शब्दात आहे. प्लंबिंगचा चार इंची म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० मिलिमीटर असतो, आणि धुळीची चार इंची नळी आतून १०२ च्या आसपास. नावाने सख्ख्या बहिणी, पण एकमेकींत बसत नाहीत.

त्यावर आमच्याकडे रूढ झालेला उपाय सांगतो. पाइपाच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ११० वरून १०१ वर आणायचा, म्हणजे परिघ ९ गुणिले ३.१४, सुमारे २८ मिलिमीटरने कमी करायचा. तोंडाशी २८ मिलिमीटर रुंद आणि चार इंच आत जाऊन निमुळती होत संपणारी पाचर पाइपातून कापून काढावी. तो भाग गरम हवेच्या गनने तापवावा. पीव्हीसी उकळत्या पाण्याच्या तापमानाअगोदरच मऊ पडतो, त्यामुळे फार तापवावे लागत नाही; ज्वाळेवर धरून जाळू तर मुळीच नये, कारण त्याचा धूर विषारी. मऊ झालेल्या कडा जवळ आणून दोरीने आवळाव्या, थंड झाल्यावर सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, आणि नळी चढवून होज क्लिप आवळावी. लहान तोंडांसाठी याहून सोपे: प्लायच्या तुकड्यातून हवे त्या मापाचे भोक पाडलेली कडी काढावी आणि फट राहिली तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवावा. रबर कंप सोसते, म्हणून थरथरणाऱ्या सँडरला तर ते विकतच्या कडक प्लास्टिकपेक्षा मला अधिक पसंत आहे.

कोणता तुकडा कोणाच्या आत जावा, यालाही नियम आहे, आणि तो घरावरची कौले पाहून समजतो. वरच्या कौलाचे टोक खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी सांध्यात शिरत नाही. नळीतही हवा ज्या बाजूने येते त्या तुकड्याचे टोक पुढच्या तुकड्याच्या आत शिरलेले असावे. उलटे बसवले तर आत धार राहते, तिला एक सालपट अडकते, त्याला दुसरे, आणि संध्याकाळपर्यंत नळी चोंदते.

आणखी एक गोष्ट नेहमी विसरली जाते. तेलाच्या बंद डब्याला आपण दोन भोके पाडतो. एकातून तेल यावे म्हणून दुसऱ्यातून हवा जावी लागते. करवतीची पेटी सगळीकडून घट्ट बंद केली तर ब्लोअर ओढणार काय? पात्याच्या बाजूने हवा आत येईल अशी फट ठेवावी. एका ब्लोअरला दोन-तीन यंत्रे जोडली असतील तर बंद यंत्राच्या नळीला लाकडी सरकते फाटक असावे. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीत विजेचा भार साठतो आणि चटका बसतो. नळीला तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली की तो त्रास बराच कमी होतो. बारीक धुळीचा ढग ठिणगीने पेटूही शकतो, तेव्हा नळीत खिळे जाऊ देऊ नयेत आणि पिशवीजवळ विडी ओढणाऱ्याला बाहेरची वाट दाखवावी.

एवढे करून ओढलेली धूळ शेवटी जाते कोठे? पुष्कळ ब्लोअरना साध्या कापडाची पिशवी असते. मोठा भुसा तीत राहतो आणि ज्या पिठासाठी सगळा खटाटोप केला ते कापडातून पुन्हा खोलीत येते. शिवाय पंख्याच्या जोराने सर्वत्र पसरते. १ मायक्रॉनपर्यंत अडवणारी पिशवी लावावी, नाही तर ब्लोअर भिंतीपलीकडे ठेवावा, अर्थात तिकडे शेजाऱ्याची खिडकी नसेल तर. व्हॅक्यूमला उत्तम गाळणी असली तरी ती लवकर भरते. म्हणून मध्ये झाकणाचा ड्रम जोडावा. हवा त्यात भोवऱ्यासारखी फिरते, जड भुसा तळाशी पडतो आणि गाळणी जास्त दिवस टिकते. घासकाम चालू असताना नाकावर एन-९५ जातीचा, कडा घट्ट बसणारा मास्क असावाच. नाकाला बांधलेला रुमाल सालपटे अडवतो, पीठ नाही.

पिशवी रिकामी करणे हे सगळ्यांत धुळीचे काम. अण्णा ते उन्हात, वाऱ्याकडे पाठ करून आणि मास्क लावून करतात. साध्या लाकडाचा भुसा चुलीला आणि कुक्कुटपालनाला मागणारे लोक आमच्याकडे येतात. एमडीएफ आणि प्लायच्या भुशात फॉर्मॅल्डिहाइडचा गोंद असतो, म्हणून त्याची पिशवी निराळी ठेवून तोंडाला लाल दोरी बांधलेली असते, आणि ती कितीही मागितली तरी चुलीसाठी किंवा कोंबड्यांसाठी कोणाला दिली जात नाही.