कॅमेऱ्याची केबल टाकताना : घराची हिफाजतही हवी, शेजाऱ्याचा पडदाही

रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली, श्रीवर्धन या पट्ट्यात आपल्या कितीतरी घरांतले कमावते पुरुष आखातात आहेत. घरी अम्मी-अब्बा, सून आणि लहान मुले. काही घरे तर मे महिन्यात किंवा एखाद्या लग्नापुरतीच उघडतात. साहजिकच घराला कॅमेरे लावण्याचा विषय निघतो. मग कंपनी कोणती, चित्र किती साफ दिसते, यावर तासभर चर्चा होते. केबल मात्र "वायरमन आणेल ती" म्हणून सोडून दिली जाते. कॅमेरा काही वर्षांनी सहज बदलता येतो, पण भिंतीतली केबल बदलायची तर भिंत फोडावी लागते. म्हणून पैसा आणि लक्ष आधी केबलला द्यायला हवे.

वायफायवर का भागत नाही?

आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात. दोन भिंती ओलांडल्या की वायफायचा जोर उतरतो. शिवाय कॅमेरा वायफायचा असला तरी त्याला लाईटची वायर लागतेच. त्यापेक्षा नेटवर्क केबल परवडते, कारण त्या एकाच केबलमधून चित्रही येते आणि कॅमेऱ्याला वीजही जाते. या पद्धतीला पीओई म्हणतात. ही वीज साधारण ४८ व्होल्टची असते आणि साध्या पीओईत एका कॅमेऱ्यासाठी १५.४ वॅटपर्यंत मिळते. रेकॉर्डर आणि पीओई स्विच इन्व्हर्टरवर जोडले की लाईट गेली तरी सगळे कॅमेरे चालू राहतात. इंटरनेट बंद पडले तरी घरातल्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग होत राहते.

दिवसा चालू, रात्री बंद

ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. पुष्कळदा दोष केबलचा असतो. बाजारात दोन प्रकारची केबल मिळते. एकीत पूर्ण तांबे असते. दुसरीत आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा असतो. व्यवहारात तिला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम ६० टक्के वीज वाहून नेते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त वीज लागते. लांबच्या सीसीए केबलमधून ती पुरेशी पोचत नाही, मग कॅमेरा बंद-चालू होत राहतो. म्हणजे ज्या वेळेसाठी कॅमेरा लावला, नेमका त्याच वेळी तो दगा देतो.

ओळखायची रीत सोपी आहे. तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी चंदेरी निघाली तर ती सीसीए. वजनाला हलकी आणि भावाने फारच स्वस्त असेल तरी संशय घ्या. दुकानदाराकडून बिलावर "पूर्ण तांबे, कॅट ६" असे लिहून घ्या. पूर्ण बंडल ३०५ मीटरचे असते. तेवढी गरज नसेल तर मोजून घ्या, केबलवर मीटरचे आकडे छापलेले असतात.

केबल टाकताना

प्रत्येक कॅमेऱ्याची केबल सलग रेकॉर्डरपर्यंत किंवा स्विचपर्यंत आणा, मध्ये जोड नको. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. केबल विजेच्या वायरींच्या पाईपातून कधीही ओढू देऊ नका, पाईप वेगळाच हवा आणि दोन्हींत निदान एक फूट अंतर ठेवा. कुठे ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा. केबलला तीक्ष्ण घडी पडू देऊ नका, जोर लावून हिसडू नका. कौलारू घरात माळ्यावरून उघडी केबल नेली तर उंदीर कुरतडतात, तिथेही पाईप घाला.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यामुळे बाहेर काळ्या आवरणाची, उन्हापावसात टिकणारी केबलच वापरा. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडा, म्हणजे पाणी आत येणार नाही. भोकात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकून जाते. भोक सिलिकॉनने बंद करा आणि कॅमेऱ्याचा जोड डब्यात ठेवा. फाटकापर्यंत केबल न्यायची असेल तर ती माडाला बांधून हवेतून नेऊ नका, विजांच्या दिवसांत तो धोका असतो. जमिनीखालून पाईपातून न्या.

केबल कॅमेऱ्याच्या मागूनच भिंतीत जावी. खाली लोंबणारी केबल चोर आधी कापतो. रेकॉर्डरही दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवू नका, नाहीतर चोर तोच उचलून नेईल. आतल्या खोलीत, हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात तो ठेवा.

दोन्ही टोकांना तारांचा क्रम एकच हवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गिलावा करण्याआधी टेस्टर लावून आठही तारा तपासायला सांगा. कुठली केबल कुठे जाते त्याची चिठ्ठी दोन्ही टोकांना चिकटवा आणि उघड्या पाईपांचे फोटो काढून ठेवा. वायरमनचे शेवटचे पैसे एक रात्र कॅमेरे नीट चालल्यावरच द्या.

नजर कुठवर जावी?

हे ठरवल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावू नका, कारण केबल जिथे संपते तिथेच कॅमेरा कायमचा बसतो. आपले फाटक, दार, पडवी, परसदार दिसणे हा आपला हक्क आहे. शेजाऱ्याची खिडकी, विहीर, त्यांच्या बायका कपडे वाळत घालतात ती जागा दिसता कामा नये. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत दुसऱ्यांची टेहळणी करायला साफ मनाई आहे. दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय पाय टाकत नाही, मग नजर कशी टाकायची? सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. कोन बदलूनही शेजारचे अंगण दिसत असेल तर रेकॉर्डरमध्ये तेवढा भाग झाकायची सोय बहुधा असते, ती वापरा.

हाच नियम आपल्या घरातही लागू आहे. मुलगा कुवेतहून मोबाईलवर घर पाहणार असेल तर कुठले कॅमेरे त्याला दिसतील हे घरातल्या बायकांना विचारून ठरवा. घराच्या आतल्या भागात कॅमेरा नकोच. पासवर्ड वायरमनने टाकलेला ठेवू नका, काम संपताच बदला.

काम सुरू करण्याआधी एका कागदावर घराचा नकाशा काढा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवा आणि मगच केबल मागवा. घर बंद असताना आपल्या दारावर पहिली नजर शेवटी त्यांचीच असते.